अपडेटचं लिंकिंग

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री, आपल्याकडे जेवणं उरकलेली असतात तेव्हा, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात आणि मायक्रोसॉफ्ट विंडोजची त्या महिन्याची दुरुस्ती जगभर सोडते. २००३च्या ऑक्टोबरपासून हा रिवाज चालू आहे. आपल्या घड्याळात तेव्हा उन्हाळ्यात साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. बुधवारी सकाळी ऑफिसं उघडतात, संगणक चालू होतात आणि पडद्यावर टक्के मोजायला लागतात.

कराडला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. पतसंस्था, दवाखाने, कोर्टाबाहेरचे टायपिंगवाले, फ्लेक्सवाले, शाळा आणि खतांची दुकानं ही माझी गिऱ्हाइकं. ‘ताई, अपडेट करून द्या’ असं म्हणत कुणी आल्याचं मला आठवत नाही. ‘ते अपडेट एकदाचं बंद करून टाका’ असं म्हणणारे मात्र सतत येतात. एक वकीलसाहेब लॅपटॉप काउंटरवर ठेवत म्हणाले होते, ‘कोर्ट अकराला. मी साडेदहाला हे उघडलं, तर हे म्हणतंय थांबा, चाळीस टक्के झालंय, बंद करू नका. मी याला विचारलं होतं का?’

त्यांचा राग खरा होता. पण हा राग ज्या उपायावर येऊन थांबतो, म्हणजे अपडेट कायमचं बंद, तो उपाय मी करून देत नाही. कारण अपडेट या एकाच वाटेने दोन अगदी वेगळ्या गोष्टी घरात येतात. एक असते दुरुस्ती. ती लागतेच. दुसरी असते कंपनीला आपल्याकडे खपवायची असलेली वस्तू: नवा ब्राउझर, एखादा गेम, महिनाभर फुकटचा अँटिव्हायरस, जाहिरात. खतांच्या एका दुकानदाराला हे समजावताना मला फार बोलावं लागलं नाही. युरियाच्या पोत्याबरोबर नको असलेलं द्रवखत घ्यायला लावतात, त्याला आपल्याकडे लिंकिंग म्हणतात. तो लगेच म्हणाला, ‘म्हणजे हे आमच्यासारखंच की. पोतं पाहिजे तर बाटली पण घ्या.’

बाटलीच्या रागापोटी पोतंच नाकारणारी माणसं मी रोज बघते. आणि त्यांना या वळणावर कुणी आणून सोडलं, तेही बघत आले आहे.

पोतं का लागतं

विंडोजसारखी प्रणाली म्हणजे माणसांनी लिहिलेल्या कोट्यवधी ओळी. त्यात चुका राहतातच. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. काही मात्र अशा, की त्यातून बाहेरच्या माणसाला आत शिरता येतं. अशी फट सापडली की कंपनी ती बुजवणारी दुरुस्ती पाठवते. पण दुरुस्ती पाठवणं म्हणजे फट कुठे होती हे जगाला सांगणंही असतं. त्या क्षणापासून शर्यत लागते: तुम्ही आधी दुरुस्ती बसवता, की चोर आधी पोचतो.

२०१७ साल या शर्यतीचा धडा म्हणून लक्षात ठेवावं. त्या वर्षी १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या फाइल शेअरिंगची एक मोठी फट बुजवली. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच फटीतून दीडशेच्या आसपास देशांत पसरला. तो फाइल्स कुलूपबंद करायचा आणि ३०० डॉलर मागायचा. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. दुरुस्ती दोन महिने आधी आलेली होती; ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. विंडोज एक्सपीची देखभाल कंपनीने एप्रिल २०१४ मध्येच थांबवली होती, पण हे प्रकरण एवढं चिघळलं, की दुसऱ्याच दिवशी एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. त्याची गोष्ट आणखी बोचरी आहे, कारण तो शिरला तोच अपडेटमधून. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरलं जाणारं एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर आहे. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेट यंत्रणेत शिरून तिथेच विष कालवलं. ज्यांनी इमानदारीने अपडेट घेतलं, त्यांच्याकडे विष आलं. आणि तिथून पुढे ते इतर मार्गांबरोबर त्याच मार्चमधल्या फटीतूनही पसरलं. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले आणि त्याचा फटका आपल्या उरणजवळच्या जेएनपीटीत, मर्स्कच्या गटाकडे असलेल्या टर्मिनललाही बसला. कंटेनर अडकले. मर्स्कने आपलं नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असल्याचं सांगितलं. युक्रेनमधल्या हिशेबनिसाच्या संगणकावर आलेलं अपडेट आणि उरणच्या रस्त्यावर थांबलेले ट्रक यांच्यातलं अंतर एवढंच.

अपडेट बंद ठेवण्याचं एक कारण आपल्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही. संगणकावरची विंडोज विकत घेतलेली नसते. ‘अपडेट झालं की पडदा काळा होतो’ ही भीती २००८च्या सुमाराची. बिनपरवान्याची विंडोज ओळखली की मागचं चित्र जाऊन काळा पडदा यायचा. त्या भीतीतून ‘अपडेट बंद’ हा विंडोज टाकण्याच्या कामातलाच एक टप्पा होऊन बसला. शिवाय अशी विंडोज परवान्याची भासवणारं, पेनड्राइव्हमधून येणारं अ‍ॅक्टिव्हेटर चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. राखणदाराला सुट्टी देऊन अनोळखी माणसाला किल्ली द्यायची, वर पुढची दुरुस्तीही बंद ठेवायची. नंतर तो संगणक पतसंस्थेचा असो की शाळेचा, त्याच्यावर काय काय बसलेलं आहे ते सांगता येत नाही.

दुरुस्तीच मोडते तेव्हा

आता रागाची बाजू. अपडेट त्रास देतं हे काही लोकांच्या मनाचे खेळ नव्हेत.

चालू असलेल्या संगणकातल्या पुष्कळ फाइल्स वापरात असतात, त्यामुळे त्या बदलता येत नाहीत. म्हणून दुरुस्ती आधी उतरवून ठेवली जाते आणि संगणक बंद होताना किंवा पुन्हा चालू होताना जागेवर बसवली जाते. ‘बंद करू नका’ ही सूचना त्यासाठी असते. नेमकी तेव्हाच वीज गेली, आणि यूपीएसची बॅटरी आपल्याकडच्या बहुतेक बॅटऱ्यांसारखी नावापुरतीच असली, की अर्ध्या फाइल्स जुन्या, अर्ध्या नव्या. असा अडकलेला संगणक कधी स्वतःच मागे येतो, कधी येत नाही. त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर अपडेट चालू असताना तिला दुसरं काही सुचत नाही. माउस हलवला तरी पडदा थिजलेला. एसएसडी टाकली की यातला निम्मा त्रास जातो, हे मी दुकानदार म्हणून नाही, तर खरं आहे म्हणून सांगते. आणि ज्याचं इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट आणि रोजचा दीड जीबीचा पॅक, त्याचा पॅक दुपारपर्यंत कुठे गेला हे त्याला कळतही नाही.

यात भर म्हणजे दुरुस्तीतही चुका असतात. विंडोज १०चं ऑक्टोबर २०१८चं मोठं अपडेट २ तारखेला आलं आणि काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं, कारण काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फाइल्सच पुसल्या गेल्या. कारण ऐकलं तर आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांच्या पोटात गोळा येईल. ज्यांनी ‘माय डॉक्युमेंट्स’चा पत्ता बदलून दुसऱ्या ड्राइव्हवर नेला होता, पण जुन्या जागी काही फाइल्स राहू दिल्या होत्या, त्यांची जुनी जागा अपडेटने साफ केली. डेटा डी ड्राइव्हवर हलवायचा, म्हणजे सी फॉरमॅट मारला तरी काम शाबूत, ही तर आपल्याकडची घरोघरची पद्धत.

सप्टेंबर २०२१ची गंमत ऑफिसवाल्यांना आठवत असेल. विंडोजच्या छपाई यंत्रणेत धोकादायक फट निघाली होती, ती बुजवताना संगणकांनी एकमेकांची ओळख जास्त काटेकोर तपासावी असा नियम घातला गेला. परिणाम असा, की एका संगणकाला जोडलेला प्रिंटर दुसऱ्या संगणकावरून चालेना. एररच्या शेवटी ‘११बी’ असं यायचं. मोठ्या कंपन्यांकडे प्रिंटरसाठी वेगळी व्यवस्था आणि सांभाळायला माणसं असतात. एक प्रिंटर, चार टेबलं आणि मध्ये एक वायर ही मांडणी असते आपल्या तलाठी कार्यालयाची, शाळेची, पतसंस्थेची. शेवटी दुरुस्तीवाल्यांनी जगभर काय केलं, तर ते अपडेटच काढून टाकलं. फट पुन्हा उघडी, प्रिंटर चालू, साहेब खूश.

आणि १९ जुलै २०२४ तर सगळ्यांनाच माहीत आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी फाइल जगभरच्या संगणकांना पाठवली. प्रोग्रामने एकविसावा रकाना वाचायचा प्रयत्न केला, त्याच्यापुढे मांडलेले रकाने होते वीस. चूक कळून फाइल मागे घेईपर्यंत सव्वा तास गेला, आणि तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. निस्तरायला मात्र तास पुरले नाहीत. पुष्कळ ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापुढे बसून ती फाइल हाताने पुसावी लागली.

एवढं सगळं सांगूनही मी अपडेटच्याच बाजूने आहे. दुरुस्तीतली चूक ही चूक असते. ती उघडकीला येते, मागे घेतली जाते, कंपनीची नाचक्की होते. लिंकिंग मात्र चुकून होत नाही.

आधीच मारलेली टिक

ठेकेदारीच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना जावा हे सॉफ्टवेअर आठवत असेल. शासनाच्या ई-टेंडरच्या पोर्टलवर डिजिटल सही करायची तर संगणकावर जावा लागायची. म्हणजे ज्याला रस्त्याचं, बंधाऱ्याचं काम हवं, त्याच्या संगणकावर जावा आलीच. आणि जावाबरोबर यायचा ब्राउझरमध्ये बसणारा टूलबार. जावा मूळ सन कंपनीची, २०१० मध्ये ती ओरॅकलकडे गेली. टूलबारचं नाव काळाप्रमाणे बदलत गेलं, त्यातला सगळ्यात गाजलेला ‘आस्क’चा. तो हवा आहे या चौकटीत टिक आधीच मारलेली असायची. एकदा ती काढून भागायचं नाही; जावाची पुढची सुरक्षा दुरुस्ती आली की टिक पुन्हा हजर. तपासणाऱ्यांना २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट आढळली: जावा बसवून झाल्यावर हा टूलबार जवळपास दहा मिनिटं गप्प राहायचा आणि मग बसायचा. तोवर माणूस खिडकी बंद करून कामाला लागलेला असायचा. अडोबीच्या फ्लॅश प्लेयरबरोबर मॅकअफीचा सुरक्षा स्कॅनर याच पद्धतीने यायचा. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला. त्याच्याबरोबर आलेली मंडळी काही संगणकांवर त्यानंतरही नांदत होती.

यामागचं अर्थकारण सरळ आहे. फुकट प्रोग्राम देणाऱ्याला प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे मिळतात. गूगलच्या आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या बाजाराचा अभ्यास मांडला, त्यात एका इन्स्टॉलचा दर १० सेंट ते दीड डॉलर आढळला. त्या वेळच्या हिशेबाने साधारण सात ते शंभर रुपये. तुम्ही न वाचता दाबलेल्या ‘नेक्स्ट’ची ती किंमत. लग्नपत्रिकेची पीडीएफ करायला एखादा कन्व्हर्टर शोधला, पानावरचं सगळ्यात मोठं हिरवं बटण दाबलं (खरं बटण कोपऱ्यात बारीक असतं), नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश, आणि संध्याकाळी ब्राउझरचं पहिलं पान बदललेलं, कोपऱ्यात ‘तुमच्या पीसीत हजारभर एरर आहेत’ म्हणून लाल पाटी. ती पाटी लावणाराच एरर काढून द्यायचे पैसे मागतो.

चांगल्या लोकांची नावंही यात वापरली गेली. सोर्सफोर्ज ही एकेकाळी मोफत, खुल्या सॉफ्टवेअरची सगळ्यात भरवशाची जागा. २०१३ नंतर तिथल्या काही डाउनलोडबरोबर जोडमाल येऊ लागला, आणि २०१५ मध्ये गिंप या चित्रं संपादित करणाऱ्या प्रोग्रामच्या मंडळींनी आपल्या नावाखाली हे चालल्याचं पाहून जाहीर तक्रार केली. २०१६ मध्ये मालक बदलले आणि नव्या मालकांनी ही प्रथा बंद केली.

नवाकोरा लॅपटॉप घेतला म्हणून सुटका होत नाही. २०१४च्या उत्तरार्धापासून लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचा प्रोग्राम कंपनीतूनच बसवून येत होता. तो खरेदीच्या पानांवर आपल्या जाहिराती घुसवायचा. त्यासाठी तो बँकेच्या आणि दुकानाच्या सुरक्षित जोडणीच्या मध्ये स्वतः उभा राहायचा, आणि प्रत्येक लॅपटॉपमध्ये त्याची किल्ली एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका संशोधकाने ती किल्ली शोधून दाखवली. म्हणजे एका कुलपाची किल्ली मिळाली की सगळी कुलपं उघडली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करताना कंपनीला कबूल करावं लागलं, की यापुढे असा प्रोग्राम ग्राहकाची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय बसवणार नाही. जाहिरातीच्या चार पैशांसाठी माणसाची बँक उघडी पडली होती.

लाल फुलीचा अर्थ

टूलबार निदान वेगळ्या नावाने यायचे. लोकांचा अपडेटवरचाच विश्वास उडाला तो विंडोज १०च्या वेळी, असं माझं निरीक्षण आहे. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आली. विंडोज ७ आणि ८ वापरणाऱ्यांना ती वर्षभर फुकट होती. तिची जाहिरात करणारी खिडकी लोकांच्या संगणकांवर आली ती अपडेटच्याच यादीतून, सुरक्षा दुरुस्त्यांच्या रांगेत उभी राहून. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये ती पूर्ण प्रणालीच ‘शिफारस केलेल्या’ अपडेटमध्ये गेली, म्हणजे आपोआप उतरू लागली. आणि मे महिन्यात कळस झाला: खिडकीच्या कोपऱ्यातली लाल फुली दाबली, तर त्याचा अर्थ ‘नको’ असा न धरता ठरलेल्या वेळी अपग्रेडला हरकत नाही असा धरला जाऊ लागला. खिडकी बंद करण्याची फुली म्हणजे नकार, हे खुद्द विंडोजनेच सगळ्या जगाला वीस वर्षं शिकवलं होतं.

अमेरिकेत एका दूरदर्शन वाहिनीवर हवामानाचा अंदाज चालू असताना नकाशावर मधोमध ही खिडकी उगवली. कॅलिफोर्नियात प्रवास कंपनी चालवणाऱ्या एका बाईंचा संगणक न मागितलेल्या अपग्रेडने निकामी झाला. त्या कोर्टात गेल्या आणि त्यांना १० हजार डॉलर मिळाले. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे मार्केटिंग प्रमुख ख्रिस कॅपोसेला यांनी वर्षाअखेरीस मान्य केलं, की त्या काळात कंपनीने मर्यादा ओलांडली होती.

पण तोवर लोकांनी आपला उपाय शोधला होता. सर्व्हिसेसमध्ये जायचं आणि अपडेटची सर्व्हिस डिसेबल. ही युक्ती व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव पसरली. लोकांना नको होतं ते अपग्रेड. बंद झाल्या त्या दुरुस्त्या. वॉनाक्राय यायला तेव्हा वर्षही उरलं नव्हतं.

त्या विंडोज १०च्या नियमित दुरुस्त्याही १४ ऑक्टोबर २०२५ला थांबल्या. विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर नसलेली हजारो चालती यंत्रं आपल्या ऑफिसांत आहेत. ज्यांना कधीकाळी जबरदस्तीने नवं दिलं, त्यांनाच आता नवं मिळणार नाही.

फोनमधली वतनदारी

संगणकावरचं लिंकिंग आता बरंच कमी झालं, कारण बाजार फोनकडे सरकला. फोन दुरुस्ती मी करत नाही, तरी लोक दाखवायला आणतात: ‘ताई, मी यातलं काहीच टाकलेलं नाही, हे आलं कुठून?’ स्वस्त फोनच्या गणितातच त्याचं उत्तर आहे. शाओमीने २०१८ मध्ये जाहीर केलं, की यंत्रांच्या विक्रीवर निव्वळ नफा पाच टक्क्यांवर जाऊ देणार नाही. मग कमाई कुठून? इंटरनेट सेवांतून, म्हणजे मोठ्या प्रमाणात जाहिराती आणि अ‍ॅप्समधून. ग्राहकाने यंत्र स्वस्तात घेतलं, आणि राहिलेली किंमत तो रोज थोडी थोडी पडद्यावरच्या जागेने फेडतो.

मोठ्या वतनदाराविरुद्ध आपल्याकडे कारवाईही झाली. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अँड्रॉइडचं प्ले स्टोअर हवं तर गूगलची बाकीची अ‍ॅप्सही फोनमध्ये आधीच भरून द्या, ही फोन कंपन्यांवरची अट त्यातला एक मुख्य मुद्दा होता. हीसुद्धा पोत्याबरोबरची बाटलीच. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण ही अ‍ॅप्स ग्राहकाला काढून टाकता आली पाहिजेत, हा आयोगाचा आदेश मात्र रद्द केला. त्यामुळे सेटिंग्जमध्ये गेलात तर काही अ‍ॅप्सपुढे ‘अनइन्स्टॉल’ दिसतं आणि काहींपुढे फक्त ‘डिसेबल’. डिसेबल केलं की अ‍ॅप झोपतं, जागा मात्र सोडत नाही.

सरकारलाही हा मोह झाला. नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस दूरसंचार विभागाने संचार साथी हे अ‍ॅप नव्या फोनमध्ये आधीच बसवा, आणि तयार होऊन बाजारात गेलेल्या फोनमध्ये सॉफ्टवेअर अपडेटमधून पाठवा, असा आदेश फोन कंपन्यांना दिला. हरवलेला फोन बंद करायला हे अ‍ॅप उपयोगीच आहे. पण विरोध झाला तो अ‍ॅपला कमी आणि सक्तीला जास्त. ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. चांगली वस्तूसुद्धा अपडेटच्या पिशवीत घालून पाठवली की लोकांना तिचा संशय येतो, हे त्या आठवड्यात दिल्लीलाही कळलं असावं.

आपल्या हातात काय

मी गिऱ्हाइकांना अपडेट बंद करून देत नाही. त्याची वेळ ठरवून देते. विंडोजमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ नावाची सोय आहे. ऑफिसची वेळ तिथे भरली, की त्या वेळात संगणक आपणहून रीस्टार्ट होत नाही. मार्चअखेर, परीक्षेचे निकाल, निवडणुकीची छपाई अशा दिवसांत अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थोपवून धरता येतं. हॉटस्पॉट वापरत असाल तर ती जोडणी ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवा. मोठी डाउनलोड्स थांबतात. आठवड्यातून एकदा, काम संपल्यावर, चहा होईपर्यंत स्वतः रीस्टार्ट करा. ज्यांनी संगणक पंधरा-पंधरा दिवस बंदच केलेला नसतो, त्यांच्यावर अपडेट नको त्या दिवशी कोसळतं. आणि डेटाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, ती डिस्क काढून कपाटात. डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. ती त्याच डिस्कची दुसरी खोली आहे.

प्रोग्राम घ्यायचा तर तो बनवणाऱ्याच्याच साइटवरून. शोधयादीतल्या पहिल्या ओळीपुढे ‘प्रायोजित’ लिहिलं असेल तर ती ओळ सोडा. बसवताना ‘एक्स्प्रेस’ आणि ‘कस्टम’ असे दोन पर्याय दिसले तर कस्टम घ्या. काय काय येतंय ते तिथेच दिसतं आणि टिक तिथेच निघते. नवा लॅपटॉप घेतलात तर पहिल्याच दिवशी प्रोग्रामची यादी उघडा आणि ओळखीचं नसलेलं काय आहे ते विचारा. तीस दिवसांचा फुकट अँटिव्हायरस मुदत संपल्यावर फक्त घाबरवण्याचं काम करतो, विंडोजचा स्वतःचा घरगुती वापराला पुरतो. आणि कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला’ अशा पाट्या सतत येत असतील, तर आधी ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कुणाकुणाला दिली आहे ते पाहा. पुष्कळदा व्हायरस नसतोच. कधीतरी घाईत दाबलेलं ‘अलाउ’ असतं. अशी परवानगी काढायला दोन मिनिटं लागतात. त्यासाठी फॉरमॅटचे पैसे कुणालाही देऊ नका, मलाही.

कायदाही आता आपल्या बाजूने काही बोलतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार नावानिशी दिले आहेत. पुन्हा पुन्हा विचारून भंडावणं, नको ती कृती करायला भाग पाडणं, बटणांची मांडणी फसवी ठेवणं, खोटी व्हायरसची भीती घालून पैसे उकळणं, हे सगळं त्या यादीत आहे. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. तक्रारीआधी पडद्याचा फोटो काढून ठेवा. अशा खिडक्या दुसऱ्यांदा तशाच दिसतील याचा नेम नसतो.

तरी माझ्या मते खरी मागणी याहून साधी आहे. दुरुस्तीची वाट वेगळी आणि विक्रीची वाट वेगळी. सुरक्षेचं अपडेट येईल तेव्हा त्यात सुरक्षेशिवाय काही नसेल: नवा ब्राउझर नाही, बदललेलं पहिलं पान नाही, न मागितलेला मदतनीस नाही. बाकी जे विकायचं ते वेगळ्या खिडकीत, बिनटिकेच्या चौकटीत, आणि ‘नको’ म्हटल्यावर पुन्हा न विचारता. असं झालं तर ‘अपडेट बंद करा’ म्हणणारे निम्मे लोक माझ्याकडे येणार नाहीत, आणि त्यात माझं नुकसान आहे असं मला वाटत नाही.

कंपन्या अपडेट देताना मेहेरबानी केल्यासारखा आव आणतात, आणि मेहेरबानीची परतफेड म्हणून आपण थोडी जाहिरात सोसावी अशी त्यांची अपेक्षा असते. पण सुरक्षा दुरुस्ती म्हणजे विकलेल्या मालातली खोट भरून देणं. खोट भरायला आलेल्या माणसाने जाताना आपलं दुकान मांडून बसायचं नसतं.